जात्यावर बसल्यावर



परवा धाकट्या भावाचा फोन आला होता. "ताई, तुझी ती वही कुठवर आली गं?" म्हणाला. मी म्हटलं, "एकशे चाळिसाव्या पानावर." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "मी तर आठ वर्षं निवांत वेळ मिळायची वाट बघतोय." आता याची मुलं मार्गी लागलेली, पेन्शन चालू, सकाळी फिरणं आणि संध्याकाळी कट्टा... याहून निवांत वेळ तो कसला यायचा? पण मी हसले नाही. कारण परवापरवापर्यंत मीही त्याच रांगेत उभी होते.

माझ्या कपाटात सात डायऱ्या आहेत. २००८ साली निवृत्त झाले तेव्हा शाळेतल्या मैत्रिणींनी निरोपाच्या दिवशी एक जाडजूड डायरी दिली. "आता लिहा बाई, तुमच्याकडे किती आठवणी आहेत!" ती पहिली. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी नवा उत्साह आणि नवी डायरी. सगळ्यांची तऱ्हा एकच. पहिल्या पानावर श्री, खाली सुवाच्य अक्षरात संकल्प, 'रोज एक तास लिहीन'. दुसऱ्या दिवशी अडीच पानं. तिसऱ्या दिवशी एक. मग पाहुणे, मग सर्दी, मग कुणाचं तरी लग्न, आणि नवव्या-दहाव्या पानापुढे सगळं कोरं. त्यातल्या एका डायरीत नंतर मी दुधाचा हिशेब लिहायला लागले. तो मात्र ३१ डिसेंबरपर्यंत एकही दिवस न चुकता लिहिलेला आहे!

ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. रोज तीच डायरी उघडत होते, तेच पेन हातात घेत होते. अर्धा लिटर की एक लिटर, एवढं लिहीत होते. म्हणजे रोज लिहायची सवय मला नव्हती असं नाही. रोज एक तास बसून काहीतरी मोठं लिहायची नव्हती.

पुढे गेल्या वर्षी फाल्गुनात कपाट आवरताना माझी एक जुनी टाचणवही हाती लागली, १९८३-८४ सालची. माझ्यासारखे शिक्षक असतील त्यांना टाचण म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते. उद्या कुठल्या तासाला काय शिकवायचं याची आदल्या दिवशी काढलेली टिपणं म्हणजे टाचण. दिनांक, वार, तास, इयत्ता, विषय, घटक, साहित्य असे रकाने आखलेले असतात आणि हेडमास्तरांची त्यावर सही लागते. (कधी कधी आम्ही रविवारी रात्री आठवड्याचं टाचण एका बैठकीत उरकत असू, हे आता कबूल करायला हरकत नाही. सही करणारे हेडमास्तरही एकेकाळी तेच करत असणार!) पण बहुतेक दिवस ते रोजच्या रोज लिहिलं. तीस-बत्तीस वर्षं लिहिलं. अंगात ताप असताना लिहिलं, मुलाची दहावी चालू असताना लिहिलं. त्या काळात 'आज सुचत नाही' हे वाक्य एकदाही मनात आलं नाही. कारण सुचायचं काही नव्हतंच. तारीख लिहायची, वार लिहायचा, विषय लिहायचा. चौथ्या रकान्यापर्यंत येईतो डोकं आपोआप वर्गात जाऊन उभं राहायचं आणि मग 'पाठ सुरू करताना शेतातली खरी लोंबी दाखवावी' असं काहीतरी चांगलंही सुचून जायचं.

तेव्हा माझं मत सांगून टाकते. लिहायचं राहून जातं ते वेळ नसतो म्हणून नाही, आणि सुचत नाही म्हणूनही नाही. आपण पुढ्यात काम फार मोठं मांडून ठेवतो म्हणून राहतं. 'आठवणी लिहायच्या' हे काम कुणालाही सकाळी साडेआठला सुरू करता येणार नाही. 'आजची तारीख लिहायची' हे कुणालाही जमेल.

शाळेत तरी दुसरं काय होतं? प्रार्थना झाली की फळ्यावर तारीख, वार, सुविचार, कोपऱ्यात पट ४२, हजर ३९. या दोन मिनिटांच्या कामाने गोंगाट करणारी चाळीस पोरं वर्गात येऊन बसत, म्हणजे मनानेसुद्धा. एखाद्या दिवशी ते फळ्यावर लिहायचं राहिलं तर पहिला तास विस्कटलेलाच जायचा.

आपल्याकडे म्हण आहे, जात्यावर बसलं की ओवी सुचते. लहानपणी पाटण तालुक्यातल्या आमच्या घरी मी आईला आणि आत्याला पहाटे दळताना ऐकलेलं आहे. जातं पहिल्यांदा हलायला जड असतं. खुंट्याला दोघींनी हात घालून रेटा द्यावा लागतो. दोन-चार फेरे झाले की तोच दगड हलका वाटू लागतो, आणि मूठमूठ वैरण घालत राहिलं की हात आपोआप फिरतात. मग कधीतरी ओवी. आधी ओवी सुचली आणि मग आई दळायला बसली, असं एकदाही झालं नाही. पीठ तर लागणारच होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! त्या रचणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, आणि निवांत वेळ म्हणजे काय हे तर कुणालाच ठाऊक नसेल. पण जात्यावर रोज बसावं लागत होतं.

समर्थांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. शिकवताना मी तो सुंदर हस्ताक्षराचा धडा म्हणून मुलांना सांगत असे. आता वाचताना दुसरंच जाणवतं. त्यात थोर विचार कसे सुचावेत याबद्दल काही नाही. अक्षर वाटोळं आणि मोकळं असावं, पानाच्या भोवताली जागा सोडावी, बोरू कसे आणावेत, कसे तोडावेत, हे आहे. आणि पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथाच्या शेवटापर्यंत दिसावं, जणू सगळं एकाच टाकाने लिहिलंय, अशी अपेक्षा आहे. म्हणजे हातातल्या साध्या कामापासून सुरुवात, आणि मग सातत्य. तेवढं लिहिणाऱ्याने पाहावं.

असो. आता मी काय करते ते सांगते. फार काही नाही.

रात्री झोपण्यापूर्वी वही टेबलावर उघडून ठेवते आणि वर उद्याची तारीख व वार लिहिते. पेन वहीवर आडवं. झालं रात्रीचं काम. यामुळे सकाळी पान कोरं नसतं. कोऱ्या पानाची भीती मी परीक्षेला बसलेल्या मुलांच्या डोळ्यांत फार पाहिली आहे. नाव आणि बैठक क्रमांक लिहून झाल्यावर त्यांचे खांदे जरा सैल पडायचे.

सकाळी चहा झाला की कालच्या शेवटच्या पाच ओळी मोठ्याने वाचते आणि त्यातली एकच चूक सुधारते. एकच बरं का! मास्तरीण असल्यामुळे हा नियम फार जड जातो, पण दुरुस्त्या करत बसलं की पुढे जाणं होत नाही.

मग कुकर लावते. सूनबाई कामावर जाते, सकाळचा वरणभात माझ्याकडे असतो. कुकर चढवायचा आणि चार शिट्ट्या होईपर्यंत लिहायचं. पाच ओळी झाल्या की त्या दिवसाचं काम झालं. शिट्ट्या आधी झाल्या तर गॅस बंद करून पाच ओळी पूर्ण करायच्या. आणि शेवटचं वाक्य अर्ध्यावर सोडायचं. विणताना सुईवरची ओळ अर्धी सोडू नये असं आई सांगायची. लिहिताना मात्र सोडावी. अर्धं वाक्य दिवसभर मागे लागतं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना ते पूर्ण होत राहतं, आणि दुसऱ्या दिवशी पहिली ओळ तयार असते.

माझा पुतण्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "काकू, तू तर ट्रोलप झालीस!" हा अँथनी ट्रोलप म्हणजे एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार. नोकरी पोस्ट खात्यात. इंग्रजांच्या त्या टपालपेट्या सुरू करण्यात त्याचा हात होता म्हणे. हा पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचायचा, आणि मग समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिहायचा. त्यानंतर नोकरीवर. अशा रीतीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. १८८२ साली तो वारला आणि पुढच्या वर्षी त्याचं आत्मचरित्र छापून आलं. त्यात त्याने हे सगळं स्वतःच सांगून टाकलं आहे. पुतण्या म्हणतो, त्यावर पुष्कळांनी नाकं मुरडली, की ही काय कला झाली, हा तर कारकून! मला मात्र त्याच्याबद्दल आपलेपणा वाटला. त्याचं घड्याळ, माझा कुकर.

आता कुणी म्हणेल, पाच ओळींनी काय होतं? हिशेब मांडते. वर्षात तीनशे दिवस धरले तर दीड हजार ओळी. माझ्या वहीच्या पानावर चोवीस ओळी मावतात. म्हणजे बासष्ट-त्रेसष्ट पानं. आणि वर्षाच्या आत माझी झाली आहेत एकशे चाळीस. वरची पानं आली कुठून? तीच ओघाची पानं. काही दिवशी पाच ओळी झाल्यावर हात थांबतच नाही, कुकर गार होतो आणि मी लिहीत असते. पण दुसऱ्या दिवशी मी स्वतःकडून पुन्हा पाचच ओळी मागते. इथेच मी पूर्वी चुकत होते. एक दिवस अडीच पानं झाली की दुसऱ्या दिवशी निदान अडीच तरी व्हायलाच हवीत असं वाटायचं, आणि तिसऱ्या दिवशी वही उघडायचीच धास्ती. भरभरून आलेल्या दिवसाला नियम करू नये.

खंड पडतो का? पडतो की. दिवाळीत अकरा दिवस एक अक्षर लिहिलं नाही. हल्ली लोक कॅलेंडरवर फुल्या मारतात आणि साखळी तुटू द्यायची नाही म्हणतात. ते मला पटत नाही. साखळी तुटली की माणूस सगळंच टाकून देतो. त्यापेक्षा आपलं हजेरीपुस्तक बरं. पोरगं आठ दिवस आलं नाही तर गैरहजेरी मांडायची, पण पटावरून नाव काढायचं नाही. नवव्या दिवशी ते दारात उभं राहिलं की "ये, बस" म्हणायचं. अकरा दिवसांनंतर मी वहीत अकरा तारखा लिहिल्या, पुढे 'गैरहजर' लिहिलं आणि बाराव्या दिवशीच्या पाच ओळी लिहिल्या.

हे सगळं एवढं तपशिलात सांगण्याचं कारण निराळं आहे.

आमची अक्का आता ८३ वर्षांची आहे. कोल्हापूरला मुलाकडे असते. दोनेक वर्षांपासून तिला विसर पडू लागला आहे. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण जुनं अजून पुष्कळ आठवतं, म्हणजे कधी आठवतं, कधी नाही. आई, अण्णा, आत्या यांच्याबद्दल तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. वर्षानुवर्षं मी म्हणत होते, एकदा कोल्हापूरला आठ दिवस जाऊन राहीन आणि सगळं विचारून लिहून घेईन. तेही त्या डायऱ्यांसारखंच राहिलं. शेवटी तिथेही मी टाचणाची पद्धत लावली. रोज दुपारी चार वाजता फोन आणि एकच प्रश्न. तोही लहान. 'आपलं बालपण कसं होतं' असं विचारलं की ती नुसती "छान होतं गं" म्हणते. 'परसातल्या रांजणावर झाकण कसलं होतं' असं विचारलं की अर्धा तास बोलते.

एका दुपारी मी विचारलं, "अक्का, तुझ्या बाळाच्या बारशाला पाळण्याला काय बांधलं होतं?"

अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बारसं झालं त्याच्या दुसऱ्याच पहाटे, ११ डिसेंबर १९६७ ला, कोयनेचा भूकंप झाला. आमच्या घराची माजघराकडची भिंत पडली. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, धाकटा चौदाचा. काळोख, धूळ आणि आरडाओरडा एवढंच मला आठवतं. घरात पुढे कायम सांगितलं गेलं की अण्णांनी आत जाऊन बाळाला बाहेर आणलं. आम्हीही ते सगळ्यांना तसंच सांगत आलो.

अक्का म्हणाली, "झेंडूच्या माळा होत्या. त्यातली एक आत्याच्या पदराला अडकून आली होती बघ." मी विचारलं, आत्याच्या कशी? तर म्हणाली, "अगं, तीच नाही का आत गेली बाळाला आणायला. अण्णा अंगणात तुम्हा पोरांना मोजत होते. एक कमी भरत होतं, पुन्हा मोजत होते. तोवर ती घेऊन आली. मनगटावर कौल पडलं होतं तिच्या. हळद दाबली आणि चुलीपाशी बसली, कुणाला बोलली नाही."

आमची आत्या बालविधवा. जन्मभर आमच्या घरात राबली आणि १९७४ साली गेली. तिचा एकही फोटो नाही. तिच्याबद्दल कुणी कधी काही लिहिलं असेल तर ते रेशनकार्डावरचं नाव. आणि तिने केलेली ही एवढी मोठी गोष्ट आम्ही पन्नासाहून जास्त वर्षं दुसऱ्याच्या नावावर सांगत होतो. अण्णांनी कधी मुद्दाम तसं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. लोकांनी धरून चाललं, आणि आत्या बोलली नाही.

त्या दिवशी कुकर वगैरे काही नव्हता. फोन ठेवला आणि तिन्हीसांजेपर्यंत लिहीत बसले.

तीन आठवड्यांनी वाटलं, मनगट डावं की उजवं ते विचारून घ्यावं. चारला फोन केला. अक्का बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कुठली आत्या?"

मी पुढे काही विचारलं नाही. इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला. वहीत त्या दिवशीच्या तारखेपुढे 'विचारलं, आठवलं नाही' एवढंच आहे.

भाच्याला, म्हणजे त्या बाळाला, मी हे सगळं वाचून दाखवलं. आता साठीकडे झुकला आहे तो. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, "मावशी, त्या आत्याआजीचं नाव काय होतं?" मी सांगितलं. म्हणाला, "थांब, लिहून घेतो."

आता सांगा, मी कोल्हापूरला आठ दिवस राहायच्या सवडीची वाट बघत बसले असते तर?

माझा भाऊ म्हणतो की असं तुकड्यातुकड्यांनी लिहिलेलं विस्कळीत होतं, त्याला घाट येत नाही. खरं आहे त्याचं. वही विस्कळीतच आहे. रांजणाच्या झाकणाशेजारी भूकंप आहे. त्याचा सलग मजकूर करायचा तर कधीतरी ठाण मांडून बसावं लागेल, ते काम पाच ओळींचं नाही हे मलाही दिसतं. पण नीट लावायला आधी काहीतरी हातात असावं लागतं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'सुद्धा १९३४ पासून भागाभागानेच प्रसिद्ध झाली, आणि १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. सगळं जुळून येईपर्यंत त्या थांबल्या असत्या तर मराठीचं केवढं नुकसान झालं असतं! आपण लक्ष्मीबाई नव्हे, पण आपापल्या घरच्या आत्या आपल्याशिवाय दुसरं कोण लिहिणार?

तेव्हा माझ्या वयाच्या मंडळींना आणि नातेवाइकांना हात जोडून सांगणं आहे. नवी डायरी आणू नका, संकल्प करू नका. आज रात्री घरात असेल ती वही उघडा, अगदी दुधाच्या हिशेबाची चालेल, आणि उद्याची तारीख लिहून झोपा.

आणि धाकट्या, हे तू वाचणार हे मला माहीत आहे. अण्णा अंगणात मोजत होते तेव्हा एक कमी भरत होतं म्हणे. तो तूच होतास असा मला दाट संशय आहे. कुठे होतास रे तेव्हा? पाच ओळीत लिहून पाठव.